स्कॉटिश क्लॅनचं (म्हणजे कुळाचं) नातं नक्की कशावर टिकून आहे?

मेघा_हॅलिफॅक्स
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज वेळ मिळालाय तर लिहूनच टाकते. आम्ही कॅनडात नोव्हा स्कोशियाला राहतो, नवऱ्याचं आडनाव मॅक्लीन, सासूबाईंचं माहेर-सासर दोन्ही अँटिगोनिशकडचं. दर जुलैत तिथे हायलँड गेम्स भरतात, १८६३ पासून चालू आहेत. बॅगपाइप, नाच, ओंडके फेकणं हे तर असतंच, पण सासूबाई जातात त्या क्लॅनच्या तंबूसाठी. तिथे एक जाडजूड वही ठेवलेली असते, जो मॅक्लीन येईल त्याने नाव, गाव आणि पूर्वज कुठल्या बेटावरून आले ते लिहायचं. मागे ऑस्ट्रेलियाहून एक गृहस्थ आले होते, वहीत सासूबाईंच्या नावाखाली त्यांनीही 'टायरी' याच बेटाचं नाव लिहिलं आणि पुढचे दोन तास दोघं कुणाचा कोण करत बसले, जेवायचं भान नाही.

दीर मात्र म्हणतो हे सगळं पर्यटकांसाठी उभं केलेलं नाटक आहे, टार्टन (क्लॅनच्या नावाचं चौकड्यांचं कापड) वगैरे एकोणिसाव्या शतकात कापडवाल्यांनी काढलंय. आता मुलीचं नाव क्लॅन सोसायटीत घालायचं सासूबाईंच्या मनात आहे. मुलगी निम्मी कोल्हापूरची :) माझी ना नाही, पण ज्यात नाव घालतोय ते आहे काय हे तरी कळायला हवं ना? रक्ताचं नातं, नावाचं नातं की नुसती हौस? आणि टायरीच्या मागे कसं शोधत जायचं, कुणी केलंय का असं काही?

सह्याद्रीचा_वारा
रुमाल टाकून ठेवतो. टार्टनवर भांडण होणार हे नक्की.

एडिनबरकर
मेघाताई, छान विषय काढलात. मी इथे बरीच वर्षं आहे, हायलँड्सची, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागाची, वारी दरवर्षी असते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

क्लॅन म्हणजे एकाच मूळपुरुषाची सगळी लेकरं ही समजूत गोड आहे पण पूर्ण खरी नाही. क्लॅनच्या प्रमुखाच्या, म्हणजे चीफच्या, जमिनीवर राहणारी, त्याच्या संरक्षणाखाली आलेली माणसंही त्याचंच नाव लावायची. फ्रेझर लोकांत तर अशी आठवण सांगतात की पिठाच्या एका मापाच्या बदल्यात कितीतरी कुटुंबं फ्रेझर झाली. चीफ म्हणजे जमिनीचा मालक, लढाईतला सरदार आणि न्यायाधीश एकाच अंगात, फाशी देण्यापर्यंतचे अधिकार होते त्यांना. बदल्यात दुष्काळात पोटाला घालणं, अंगावर कुणी आलं तर पाठीशी उभं राहणं ही त्याची जबाबदारी. दोन्ही बाजूंनी बांधलेलं नातं होतं ते.

मग १६ एप्रिल १७४६ ला कलोडनची लढाई झाली. स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्सच्या बाजूने उतरलेले हायलँडर तासाभराच्या आत कापले गेले. त्यानंतर लंडनच्या सरकारने चीफ लोकांचे न्यायाचे अधिकार काढून घेतले, हायलँडी पोशाखावर बंदी आणली, ती १७८२ पर्यंत राहिली. म्हणजे ज्या अर्थाने क्लॅन ही एक राज्यव्यवस्था होती ती तिथेच संपली. राहिलं ते नाव आणि आठवण. मॅक्लीनही कलोडनला होते, त्यांचं नेतृत्व करणारा ड्रिमनिनचा मॅक्लीन तिथेच पडला.

जुनी_वही
मेघाताईंच्या दिराशी मी बऱ्यापैकी सहमत. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला तेव्हा लेखक वॉल्टर स्कॉटने सगळा सोहळा बसवला आणि सरदारांना आपापल्या 'कुळाच्या' टार्टनमध्ये यायला सांगितलं. धावपळ उडाली. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीकडे नमुन्यांना नावं देऊन विक्री आधीपासूनच चालू होती, तिची चंगळ झाली. पुढे १८४२ मध्ये दोन भावांनी, जे स्वतःला त्या राजपुत्र चार्ल्सचे नातू म्हणवायचे, जुनं हस्तलिखित सापडलं म्हणून टार्टनचं पुस्तकच छापलं. हस्तलिखित बनावट, पण त्यातले कित्येक नमुने आजही दुकानांत 'प्राचीन' म्हणून मिळतात. आता ज्या लाल मॅक्लीन टार्टनचा स्कार्फ सासूबाई घालत असतील त्याला कुठला पुरावा देणार?

बंदुकबाज_बापू
वही भाऊ, कापड नवं असेल पण ज्यांच्या अंगावर ते आहे ती माणसं तर नवी नाहीत ना.

एडिनबरकर
+१ बापू. आणि चौकड्यांचं लोकरी कापड हायलँड्समध्ये शेकडो वर्षांचं आहे, त्यावर बंदी घालावीशी वाटली यातच सगळं आलं. 'हा नमुना म्हणजे हे आडनाव' एवढाच भाग नवा. आता तर सरकारी टार्टन रजिस्टर आहे, २००९ पासून, त्यात कंपन्या, गावं, कोणीही नवा नमुना नोंदवू शकतं.

मेघा_हॅलिफॅक्स
सासूबाईंना टार्टनचं नवेपण माहीत आहे, त्या स्वतःच सांगतात. त्यांचं म्हणणं वेगळंच आहे. त्यांचे आजोबा घरात गेलिक, म्हणजे हायलँड्सची जुनी भाषा, बोलायचे, शाळेत बोलले की मार बसायचा, मग त्यांनी पुढच्या पिढीला शिकवलीच नाही. भाषा गेली, गाव तर आधीच सुटलेलं, मग हातात धरायला काय उरलं, तर आडनाव आणि तो तंबू. हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला पटलं होतं खरं.

दक्षिणध्रुव (डनेडिन, न्यूझीलंड)
मेघा, तुझ्या नोव्हा स्कोशियाचं आणि आमच्या देशाचं एक विलक्षण नातं आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला असिंट म्हणून भाग आहे, तिथला नॉर्मन मॅक्लाउड नावाचा अत्यंत कडक, हट्टी धर्मोपदेशक १८१७ मध्ये तुमच्याकडच्या पिक्टूला आला. तिथून आपल्या माणसांना घेऊन केप ब्रेटनमध्ये सेंट ॲन्सला. तीसेक वर्षं जंगल तोडून वस्ती केली, मग बटाट्यावर रोग पडला, उपासमार झाली, आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात गेलेल्या मुलाचं पत्र आलं. हा बाबा तेव्हा सत्तरीचा! लोकांनी स्वतःच जहाजं बांधली आणि १८५१ पासून एकामागून एक अशी सहा जहाजं निघाली, आठशेच्या वर माणसं, आधी ऑस्ट्रेलिया, ते पटलं नाही म्हणून शेवटी न्यूझीलंडच्या उत्तरेला वाइपू. एका आयुष्यात तीन खंड.

वाइपूला दर १ जानेवारीला हायलँड गेम्स होतात, १८७१ पासून. मी गेले होते तेव्हा म्युझियममध्ये एक आजी भेटल्या, मॅकेन्झी. त्या काउंटरवर बसून आलेल्याला विचारत होत्या, कोणत्या जहाजाचे तुम्ही? मी म्हटलं एअर इंडियाचे. हसल्या, पण मग मला बसवून सगळी सहा जहाजं, कुणात कोण होतं, कुणाचं लग्न वाटेत ठरलं असं घडाघडा सांगत गेल्या. गंमत म्हणजे त्या वस्तीत मॅक्लाउड, मॅके, मॅकेन्झी, मॅकग्रेगर सगळे मिसळलेले, तिथे क्लॅनपेक्षा जहाज मोठं. म्हणून मला वाटतं नातं आडनावापेक्षा एकत्र सोसलेल्या प्रवासाचं जास्त असतं.

जुनी_वही
ताई, तुमचा प्रतिसाद आवडला, पण ते लोक निघाले का हा प्रश्न राहतोच. कलोडनच्या इंग्रजांनी हाकललं नाही त्यांना. पुढची शंभर वर्षं हाकलणारे बहुतेक त्यांचेच चीफ आणि जमीनदार होते. शेतकऱ्यांच्या भाड्यापेक्षा मेंढ्यांचं भाडं जास्त मिळत होतं, एवढं साधं गणित. सदरलँडमध्ये १८१४ ला स्ट्रॅथनेव्हरमध्ये घरांची छपरं जाळली, पॅट्रिक सेलर नावाच्या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला झाला, तो सुटला. ग्लेनगॅरीचा चीफ अलॅस्टर मॅकडोनेल बघा, हा माणूस सतत हायलँडी पोशाखात मिरवायचा, 'खऱ्या हायलँडरांची' संस्था काढली, चित्रकार रेबर्नकडून झोकदार चित्र काढून घेतलं आणि त्याच वेळी आपल्या भाडेकरू शेतकऱ्यांना जमिनीवरून काढत होता. आणि आज त्याच चीफ लोकांच्या वारसांपुढे कॅनडा-अमेरिकेतून आलेले वंशज माना झुकवतात, हे मला झेपत नाही.

रानपाखरू
क्रोइकला गेलंय का कुणी? आम्ही गेलो होतो, ईस्टर रॉसमध्ये, अर्डगे गावापासून दरीत आत दहा मैल. एकुलतं एक छोटं चर्च, आजूबाजूला काही नाही. १८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांना काढलं तेव्हा ती कुटुंबं या चर्चच्या आवारात ताडपत्र्या बांधून राहिली, आत नाही, बाहेर दफनभूमीत. आणि खिडकीच्या चौकटीतल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या काचांवर त्यांनी बाहेरून टोकदार काहीतरी घेऊन ओरखडून लिहिलंय. ग्लेनकॅल्व्हीची माणसं २४ मे १८४५ ला इथे होती, अशा अर्थाचं. एका काचेवर तर स्वतःलाच 'दुष्ट पिढी' म्हटलंय, म्हणजे हे आपल्याच पापाचं फळ अशी त्यांची समजूत. अक्षरं इतकी बारीक की डोळा काचेला लावून, मागे हाताचा आडोसा धरला तर दिसतात. घरी गेलिक बोलणाऱ्यांनी बहुतेक लिहिलंय मात्र इंग्रजीत, वाचणारा परका असणार हे त्यांना माहीत होतं.

तिथल्या अभिप्रायाच्या वहीत मी पानं चाळली, ओंटारिओ, ओटागो, टेक्सास. वही भाऊंचं म्हणणं बरोबर आहे पण ही माणसं चीफपुढे मान झुकवायला नाही येत, त्या काचा बघायला येतात.

सह्याद्रीचा_वारा
रानपाखरू __/\__

असईचा_गडी (जालना)
स्कॉटलंडला गेलेलो नाही पण ते आमच्याकडे येऊन गेलेत त्यामुळे लिहितो. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर कंपनीचा सेनापती वेलस्लीच्या गोऱ्या पायदळात दोन्ही पलटणी हायलँडर, ७४ वी आणि ७८ वी. ७८ वी उभी केली होती सीफोर्थच्या मॅकेन्झीने, म्हणजे क्लॅनच्या चीफनेच, रॉसशायरकडची पोरं भरून. ७४ वी सरळ आमच्या तोफांच्या तोंडी गेली, जवळजवळ सगळे अधिकारी मेले नाहीतर जखमी झाले. दोन्ही पलटणींना नंतर हत्तीचं चिन्ह मिळालं, त्यावर 'असई' हे नाव. त्यांच्या टोप्यांवर आमचं गाव मिरवलं, आमच्या गावात येणाऱ्या बसवर पाटी धड नसते.

सांगायचा मुद्दा, कलोडननंतर ज्यांची शस्त्रं काढून घेतली त्यांनाच चीफ लोकांनी पलटणीत घातलं, आणि ती पोरं मेली ती केळणा नदीच्या काठी. त्यांचेही वंशज, भाचे-पुतणे असतीलच की कुठे. त्यांच्या यादीत असई येते का?

एडिनबरकर
येते हो, फार चांगला मुद्दा. आणि मुंबईकरांसाठी अजून एक. लॅकलन मॅक्वारी, मल बेटाशेजारच्या अल्वा बेटावरचा, मॅक्वारी कुळातला. त्यांच्या चीफने कर्जापायी १७७७ मध्ये अल्वा विकलं. लॅकलन सैन्यात गेला, १७८८ मध्ये मुंबईत उतरला, मुंबईतच जेन जार्व्हिसशी लग्न केलं, ती मकावला वारली तर तिला परत आणून मुंबईत पुरलं. भारतातल्या कमाईवर त्याने मलवर जमीन घेतली आणि तिचं नाव ठेवलं जार्व्हिसफील्ड. हाच पुढे न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर, सिडनीत अर्ध्या गोष्टींना त्याचं नाव आहे.

तमालपत्र
याच मॅक्वारीने कोचीनला दोन लहान मुलं गुलाम म्हणून विकत घेतली होती, हेही लिहा की. वंशजांचं जाळं म्हणतो तेव्हा नेमकं कुणाला धरतो? जमैकात कॅम्पबेल हे आडनाव गल्लोगल्ली आहे, ते काही सगळे इन्व्हरॲरीच्या ड्यूकचे, म्हणजे कॅम्पबेलांच्या चीफचे, पाहुणे म्हणून गेले नव्हते. मळ्यांवर स्कॉटिश मालक, मुकादम होते, गुलामांना त्यांचीच नावं लागली, काहींचं रक्तही त्यांचंच. आणि अमेरिकेत क्रीक जमातीचा पुढारी अलेक्झांडर मॅकगिलिव्ह्रे, बाप इनव्हरनेसकडचा, आई क्रीक. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस, तोही तसाच. मेघाच्या प्रांतातही हायलँडर आले ती जमीन रिकामी नव्हती, मिगमॉ लोकांची होती. हाकललेल्यांनी दुसऱ्यांना सरकवलं. हे सगळं त्या तंबूतल्या वहीत बसतं का?

दक्षिणध्रुव
तमालपत्र, बसायला हवं, आणि हळूहळू बसतंय. इथे माओरी कुटुंबांत स्कॉटिश आडनावं भरपूर आहेत, मॅके, कॅम्पबेल, आणि ती माणसं आपल्या वंशावळीत दोन्हीकडचं म्हणतात. त्यांच्याकडे उभं राहून पूर्वज सांगायची पद्धत आहेच, त्यात स्कॉटलंडचा डोंगरही येतो.

ग्रहगोल
कुणी ते 'एक चौरस फूट जमीन घ्या आणि लॉर्ड व्हा' घेतलंय का? बायकोने वाढदिवसाला दिलं, सर्टिफिकेट फ्रेम केलंय.

एडिनबरकर
फ्रेम छान असेल :) पण लॉर्ड लायन, म्हणजे तिथलं मानचिन्हं आणि चीफपद ठरवणारं कोर्ट, ते अशा पदव्या मानत नाही, आणि एवढा तुकडा जमिनीच्या सरकारी नोंदवहीत चढतही नाही.

ग्रहगोल
घरात तरी साहेब म्हणते, चालतंय.

पेशींचा_पोरखेळ
रक्ताचं म्हणता तर डीएनएकडे या. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा तपासता येतो. डोनाल्ड कुळाच्या चीफ घराण्यांचा तपासला तर तो नॉर्स निघाला, म्हणजे व्हायकिंगांना हुसकावणारा म्हणून ज्याची गाणी गातात त्या सोमरलेडचाच पूर्वज व्हायकिंग. आणि मॅकग्रेगरांची तर फारच मजेशीर गोष्ट, १६०३ मध्ये राजाने ते आडनावच बेकायदा केलं, लावलं तर मरण. लोकांनी ग्रँट, मरे, ड्रमंड, अगदी वैऱ्यांचं कॅम्पबेलसुद्धा लावलं. बंदी कायमची उठली १७७४ ला, तोवर पिढ्या गेल्या, कित्येकांना माहीतच नाही आपण कोण ते. आता टेस्ट केल्यावर अमेरिकेतला एखादा ग्रँट मॅकग्रेगर निघतो. उलटंही होतं, पिढ्यान्‌पिढ्या मॅक्लीन म्हणवणाऱ्याचा धागा चीफशी अजिबात जुळत नाही. पिठाचं माप आठवा.

मेघाताई, मुलीच्या बाबतीत वाय नाहीच, तिच्या बाबांचा नाहीतर काकांचा घ्यावा लागेल. दीर शंकेखोर आहे ना, त्यालाच नळीत थुंकायला लावा.

मेघा_हॅलिफॅक्स
:) दिराला विचारते. पण न जुळलं तर सासूबाईंना सांगायचं कुणी?

बंदुकबाज_बापू
न जुळलं तर काय बिघडलं? ज्याने नाव घेतलं तो त्या नावासाठी लढायला उभा राहिला असेल. इनव्हरकीदिंगची लढाई, १६५१, मॅक्लीनांचा चीफ सर हेक्टर. त्याला वाचवायला कुळातली माणसं एकेक करून पुढे आली, 'हेक्टरसाठी आणखी एक' ओरडत, एकेक करून पडली आणि शेवटी हेक्टरही. आपल्याकडे बाजीप्रभू वाचून वाढलेल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

कागदोपत्री
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण शोधायचं कसं यावर कुणी बोललंच नाही. मी नोकरीपायी ग्लासगोत असताना एका म्हाताऱ्या शेजाऱ्यासाठी हे केलं होतं, म्हणून अनुभवाने.

स्कॉटलंड्सपीपल ही सरकारी साइट, पान बघायला थोडे पैसे पडतात पण मूळ नोंदीची छबी मिळते. सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंद १ जानेवारी १८५५ पासून. त्याआधीचं म्हणजे चर्चच्या वह्या, आणि बेटांवरच्या वह्या उशिरा सुरू झालेल्या, मध्ये मध्ये वर्षंच्या वर्षं गायब. तुमचे लोक १८२० च्या आसपास निघाले असतील तर तिकडून सुरुवात केलीत की भिंतीवर डोकं आपटाल, कारण टायरीवर त्या काळात एकाच नावाचे मॅक्लीन पैशाला पासरी. नोव्हा स्कोशियाच्या टोकाने धरा. जमिनीसाठी केलेले अर्ज, दफनभूमीतले दगड (जुन्या दगडांवर बेटाचं नाव कोरायची पद्धत होती), चर्च. बायकांची माहेरची आडनावं स्कॉटिश कागदांत नीट सापडतात, हा मोठा आधार. आणि मुलांची नावं बघा, पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, बहुतेक घरं हे पाळायची. सहा भावंडांची नावं क्रमाने लावलीत की आजी-आजोबा कोण असावेत ते दिसायला लागतं.

आणि सगळ्यात आधी, सासूबाईंना विचारा त्यांच्या आजोबांना गावात काय म्हणून हाक मारायचे. गेलिक घरांत आडनावाने कुणी ओळखत नाही, अमक्याचा तमका, तमक्याचा फलाणा अशी चार-पाच पिढ्यांची माळ असते. सगळेच मॅक्लीन, मग करणार काय. ती माळ एकदा हाती लागली की कागदांतला गोंधळ निम्मा सुटतो.

मेघा_हॅलिफॅक्स
कागदोपत्री, काय लिहिलंय तुम्ही! आत्ताच फोन केला. सासूबाईंना आजोबांची माळ पाच पिढ्यांची तोंडपाठ आहे, त्यातल्या दोन बायका आहेत. त्या म्हणाल्या आजवर कुणी विचारलं नाही. ऐकून लगेच लिहून घेतलं, शेवटचं नाव टायरीवर जन्मलेल्याचं.

एडिनबरकर
व्वा! टायरी आधी मॅक्लीनांचंच होतं, सतराव्या शतकाच्या शेवटी अर्गाइलच्या कॅम्पबेलांनी मलवरच्या मॅक्लीनांच्या डुआर्ट किल्ल्यासकट घेतलं. म्हणजे तुमचे लोक निघाले ते परक्या मालकाच्या जमिनीवरून, चीफने काढलं हा वही भाऊंचा आक्षेप इथे लागू नाही. टायरीचा कवी इयन मॅक्लीन, शेजारच्या कोल बेटाच्या जमीनदाराचा दरबारी कवी, तोही १८१९ मध्ये तुमच्याकडेच आला आणि त्या काळ्या जंगलाला, बर्फाला, फसवणाऱ्या एजंटांना शिव्या घालणारी कविता करून गावाकडे पाठवली. पुढे अँटिगोनिशजवळच राहिला. तुमच्या माळेतल्या कुणीतरी त्याच्या तोंडून ऐकली असेल.

डुआर्टचं पुढे काय झालं तेही सांगतो. छप्पर उडालेला तो किल्ला १९११ मध्ये चीफ सर फिट्झरॉय मॅक्लीनने परत विकत घेतला आणि १९१२ ला जगभरचे मॅक्लीन तिथे जमले. दोनशेवर वर्षांनी.

सभासदत्वाचं म्हणाल तर नियम सोपा आहे. ते आडनाव असलेला कुणीही, आणि नसला तरी जो चीफला आपला मानतो आणि चीफ ज्याला आपला म्हणतो, तो क्लॅनचा. रक्ताचा दाखला कुणी मागत नाही, पूर्वीही मागत नव्हते.

जुनी_वही
चीफला मानायचं हे मला आजही पटत नाही. पण पाच पिढ्यांची माळ तोंडपाठ असणारी बाई नाटक करत नाहीये हे मान्य. मेघाताई, मुलीला सोसायटीत घाला न घाला, ती माळ मात्र आजीच्या आवाजात पाठ करून घ्या.

तमालपत्र
हेच म्हणते. आणि वहीत मुलीचं गाव लिहाल तेव्हा टायरी, अँटिगोनिशसोबत कोल्हापूरही लिहा.

मेघा_हॅलिफॅक्स
घालतेय नाव, ठरलं. या जुलैत तंबूत तिचीच सही. आवाज रेकॉर्ड करायचाय, फोनवर चालेल ना? उच्चार मला लिहिता येत नाहीत.

एडिनबरकर
फोनवर पुरेल, फक्त पंखा-टीव्ही बंद ठेवा आणि मध्ये बोलू नका. उच्चार जुळवायला 'टोबर अन डुअलकस' नावाची साइट आहे, एडिनबरो विद्यापीठाच्या स्कॉटिश अभ्यास विभागाने १९५१ पासून गावोगाव फिरून केलेली रेकॉर्डिंग्ज तिथे फुकट ऐकता येतात. ठिकाणात टायरी निवडा. मॅक्लीन म्हातारे भरपूर सापडतील, तुमच्या सासूबाईंना ऐकवा, कदाचित त्यातलं एखादं गाणं त्यांना येत असेल.